शून्याचं गाऱ्हाणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी मूळची बर्फाच्या फॅक्टरीची. त्यांनी ती आमच्या घरमालकीण कुसुमताईंना दिली, त्यांनी शमिकाला दिली आणि शमिकाने मला. म्हणाली, "आजी, बोलून बोलून माझं डोकं खातेस, आता थोडं हिचं खा." म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली, तीसुद्धा भाताची लावणी आली की शाळा बंद. चुकलंमाकलं कोण बघतंय.

आज काय झालं? काही नाही. नात खिडकीत बसली होती, मांडीवर लॅपटॉप, बाजूला चहा गार होत होता. खालून बर्फाची गाडी पाणी गाळत मिरकरवाड्याकडे, मासळीच्या बंदरावर गेली. मी कुळीथ निवडत होते. एवढंच. पण इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गावी घरात मी आणि मांजर. मुलगा विनोद आणि सून मुंबईला. शमिका एमेस्सी झाली, इथे रत्नागिरीच्या कॉलेजातल्या सरांच्या हाताखाली पुढचं गणित करते. तिला डबा करून द्यायला म्हणून चार दिवस आले, ती राहिलेच. मांजर शेजारी हौसाकडे ठेवलंय. ती त्याला ताक पाजते म्हणे. मांजराला ताक!

५ फेब्रुवारी, संकष्टी

आज उपास होता, पण लिहायचं ते वेगळंच आहे. शमिका जेवली नाही. मी म्हटलं, "संकष्टी माझी, उपास तू कशाला करतेस?" तर डोळे भरून आले पोरीचे. मग सगळं बाहेर आलं.

तिने एक लेख लिहिलाय, गणिताचा. परदेशातल्या एका मासिकाकडे पाठवला होता. तिथल्या परीक्षकाने कळवलं, तुझं सूत्र चूक आहे, आम्ही कॉम्प्युटरात घालून बघितलं, उत्तर वेगळं येतं. शमिका म्हणते, माझं बरोबर आहे, कॉम्प्युटरातलं ते गणितं सोडवणारं सॉफ्टवेअरच चुकतंय. सर म्हणाले, "परीक्षकाशी भांडून कोणी जिंकलंय? ज्यांनी ते सॉफ्टवेअर केलं त्यांच्याकडून लिहून आण की चूक त्यांची. पाडव्याच्या आत. मग मी मासिकाला कळवतो." लेख छापून आला तर पुण्याला मोठ्या संस्थेत जागा मिळणार, पुढे डॉक्टर. नाही आला तर जागा दुसऱ्याला.

मी म्हटलं, "मला दाखव काय चुकतं ते."

तिने कागदावर कमान काढली, देवळाच्या दाराला असते तशी. खाली एक रेघ. "ही जमीन. कमानीखाली जागा आहे की नाही?"

"आहे की. बैलगाडी जाईल."

"हा म्हणतो शून्य."

"मेल्याचे डोळे फुटले काय?"

"त्याला डोळे नाहीतच गो. तो नुसता या टोकाला उभा राहतो, मग त्या टोकाला. दोन्हीकडे काय आहे ते बघतो आणि वजाबाकी करतो. मधे वाट तुटलीय, ते बघतच नाही. दोन्ही टोकं सारखी दिसली की म्हणतो, काही झालंच नाही. शून्य."

मला आमच्या घाटातली दरड आठवली. एसटीच्या बोर्डावर गाडी वेळेवर लिहिलेली होती, आणि घाटात गाडी निम्मी मातीखाली. माणसं वाचली, देवाची कृपा. कोंबड्या गेल्या.

६ फेब्रुवारी

आज शमिकाने तक्रार घातली. सॉफ्टवेअरवाल्यांच्या वेबसाइटवर त्याचं एक पान असतं, कुणीही वाचावं. आधी लिहायचं कुठलं सॉफ्टवेअर, कितवी आवृत्ती, मग काय घातलं, काय आलं, आणि काय यायला पाहिजे होतं.

मी म्हटलं, "हे तर गाऱ्हाणं गो. आमचा रावजी गावकर घालतो तसंच. कुठली वाडी, कुणाचं घर, काय आडवं आलंय आणि देवाने काय करावं."

ती हसली. किती दिवसांनी हसली. म्हणाली, "होय आजी, गाऱ्हाणंच."

तिने तो पत्ता आमच्या घरातल्या ग्रुपवर पण टाकला. विनोदने अंगठा दाखवला. त्याला काय कळलं, तो अंगठाच दाखवतो. वडील वारले तेव्हासुद्धा कुणाच्या निरोपाला त्याने अंगठा दाखवला होता.

७ फेब्रुवारी

उत्तर आलं! मी ओरडले म्हणून कुसुमताई जिन्यातून वर आल्या. शमिका म्हणाली, "ते यंत्राचं उत्तर आहे. आपोआप येतं. तुमची तक्रार मिळाली, धन्यवाद."

मी म्हटलं, "धन्यवाद म्हटलं ना? मग झालं." आपल्याकडे तालुक्याला अर्ज दिला तर तेवढंसुद्धा म्हणत नाहीत.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

काही नाही. रोज सकाळी ती दात घासायच्या आधी ते पान बघते. मी विचारलं, "त्या लोकांना पगार कोण देतं?"

"कोणी नाही. जगभरची माणसं आपापला वेळ काढून करतात. फुकट."

म्हणजे आमचा साकव. पावसाआधी सगळी वाडी मिळून ओढ्यावर बांधते तो लाकडी पूल. पगार कुणाला नाही. आणि फळी मोडली तर जाब कुणाला विचारणार? ज्याला सवड होईल तो ठोकेल. एका वर्षी मोडकी फळी गणपतीपर्यंत तशीच होती. भिकाजी त्यातून गणपतीसकट खाली गेला. गणपती वाचला, भिकाजीचा पाय मोडला. आता तो आमच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष आहे, लंगडतो.

हे शमिकाला सांगितलं, तर ती हसली नाही.

एक गोष्ट लिहू की नको? लिहिते, माझीच डायरी. ती पुण्याला गेली की मी परत गावी, मी आणि मांजर. कधीकधी भाकरी थापताना मनात येतं, नाही आलं उत्तर तर काय वाईट. मग मीच तोंडात मारून घेते आणि हेदवीच्या गणपतीला हात जोडते. देवा, तुला दहा हात, एका हाताने तरी पोरीला उत्तर लिही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

माणसाचं उत्तर आलं! खऱ्या माणसाचं! नाव मला वाचता येत नाही, तिकडचा कुठला तरी बाबा आहे. त्याने लिहिलं, "हे मला खरं वाटतं. पुढच्या आठवड्यात सवड काढून बघतो." शमिकाने मला उचलून गोल फिरवलं. मी म्हटलं, "मोडशील गो मला!" संध्याकाळी भाट्याला वाळूत जाऊन आलो. तिने पायाच्या अंगठ्याने वाळूत ती कमान काढली आणि खाली बसून म्हणाली, "बघ आजी, मी मावते की नाही शून्यात?"

लाट आली आणि दोघींची लुगडी भिजली. म्हणजे माझं लुगडं, तिची पँट.

१ मार्च

आठवडा झाला, बाबा गप्प. काल रात्री मात्र त्याने विचारलंय, अजून एक उदाहरण द्या, साधं, म्हणजे पक्कं म्हणून लिहितो. 'पक्कं' असं त्याने लिहिलं की सरांना तेवढं पुरे. शमिका उदाहरण शोधत बसलीय. सुचतात ती फार मोठी होतात म्हणे. मी शिमग्याला गावी चालले. तिला म्हटलं चल, पालखी घरी येणार. म्हणाली, "तू जा. माझ्या वाटणीचा नारळ तूच दे."

कुसुमताई म्हणाल्या, "चिमाबाई, पोरीला एकटं टाकून शिमगा कसला करता?" मी म्हटलं, "ताई, तुमचा उन्मेष अमेरिकेत एकटाच आहे ना?" त्या जिना उतरून गेल्या. नको बोलायला होतं.

५ मार्च, गावी

हात दुखतोय तरी आजच लिहिते, नाहीतर निम्मं विसरेन.

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या शिमग्यातल्या कट्ट्यावर, बसली होती. सगळे चाकरमानी आलेले, मुंबईचं सबंध मंडळ, पोराबाळांसकट. ढोल असा की छाती हलते. आमच्या घरचा नारळ ठेवला आणि रावजीला कानात सगळं सांगितलं. रावजीने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. काय घातलं म्हणून सांगू!

"बा देवा महाराजा! आज ही तुझी चिमा तुझ्या पायाशी उभी हाय. तिची नात तिकडे रत्नांग्रीत गणित घालून बसलीय, महाराजा. तिचं खरं असताना कुणा परमुलखातल्यानं ते खोटं ठरवलं असेल, तर त्याला दृष्टी दे, महाराजा. जागा असताना शून्य म्हणत असेल, तर त्याची चूक त्याच्या पदरात घाल आणि पोरीला यश दे, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी एका आवाजात. अंगावर काटा आला.

आणि तेव्हाच मला कळलं, उत्तर का येत नाही ते. गाऱ्हाणं एकट्याचं कधी असतं का? रावजी कितीही ओरडला तरी मागे "व्हय महाराजा" म्हणणारं कुणी नसेल, तर देव म्हणतो हा एकटाच बरळतोय. शमिकाच्या त्या पानावर कोण होतं? ती आणि तो बाबा. बस.

मी भिकाजीला म्हटलं, "अध्यक्षा, तुझ्या मंडळाला एक काम सांगते." माझ्या फोनमधला शमिकाच्या त्या पानाचा पत्ता दाखवला.

भिकाजी म्हणाला, "चिमाकाकी, मी एकटा काय, आख्खं मंडळ लावतो!" त्याने हर्षदला हाक मारली. हर्षद पवईला कॉम्प्युटरच्या दुकानात आहे, त्याला सगळं येतं. तो म्हणाला, तिथे लिहायचं तर प्रत्येकाचं खातं लागतं. म्हणाला, चला, एकेकाचा फोन घेऊन खातं उघडून देतो. रेंज शाळेच्या चढावरच येते, म्हणून सगळे देवाला पाठ न करता, तिरके तिरके, चढावर गेले. दशावतारातले राक्षस परत निघाल्यासारखे दिसत होते.

पन्नास-साठ माणसांनी तरी लिहिलं. "व्हय महाराजा." "व्हय महाराजा." कुणी पालखीचा फोटो टाकला, कुणी आपला टाकला. बाळा सुताराने आंब्याच्या पेट्यांची जाहिरात टाकली, फोन नंबरासकट. मी त्याला म्हटलं, "मेल्या, देवाच्या दारात धंदा?" तर म्हणतो, "काकी, परदेशात हापूसला लय मागणी." हौसाला लिहिता येत नाही, तिने नुसते हात जोडलेले टाकले, आठ वेळा.

मोबाईल हातात धरून मी ते वरून खाली बघितलं. संपतच नव्हतं. आमची सगळी वाडी त्या पानावर उभी होती.

मांजराने मला ओळखलं नाही. ताक पिऊन माजलंय.

७ मार्च, शनिवार. रत्नागिरी

दारातच विचारलं, "आलं की नाही उत्तर?"

शमिका खिडकीत बसली होती. म्हणाली, "तू लिहायला सांगितलंस सगळ्यांना?"

"मीच! म्हटलं गाऱ्हाण्याला माणसं नकोत?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागली, आणि इतकी हसली की वाकली, तोंड ओंजळीत धरलं आणि बराच वेळ वर केलं नाही. मी पाठीवरून हात फिरवला. हसताना तिची पाठ अशीच हलते, लहानपणापासून.

"खूप माणसं आली गो आजी," ती म्हणाली.

"मग? आपली आहेत ती."

तिने पान दाखवलं. वर कुलपाचं चित्र आलंय. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "आता इथे कुणाला लिहिता येणार नाही. मलासुद्धा. माझं खातं बंद केलंय त्यांनी."

म्हणजे पालखी देवळात गेली. गाऱ्हाणं ऐकून झालं की गुरव दार लावून घेतो, त्यानंतर कुणी बडबड करायची नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "होय."

"आणि तुझं ते साधं उदाहरण? सापडलं?"

"सापडलं. शिमग्याच्या दिवशी टाकलं. पण ते फार वर राहिलं गो. खाली सगळे व्हय महाराजा."

वर म्हणजे चांगलंच की. देवासमोर पहिला मान.

८ मार्च

कुसुमताई आल्या आणि जोरात म्हणाल्या, "चिमाबाई, तुम्हाला कळतंय का, काय करून ठेवलंत ते? त्या लोकांना वाटलं असणार की कोणी टवाळखोर—"

शमिका आतून धावत आली. "काकू, राहू दे."

"अगं पण तुझं—"

"काकू, राहू दे म्हटलं ना. चहा घ्या."

चहा घेतला आणि गेल्या. माझ्याशी एक शब्द नाही. मनाला लावून घेतलं असणार, त्या दिवशी मी उन्मेषचं बोलले ते. आणि आपल्यामागे साठ माणसं उभी राहिलेली बघितली की कुणालाही जरा वाटतंच. त्यांच्या मागे कोण आहे? दारावरचा एक गुरखा. मी खाली फणसाची भाजी पाठवून दिली. वाडगा धुऊन परत आला, रिकामा. रिकामा वाडगा परत करणाऱ्यातल्या नव्हेत त्या.

१२ मार्च

शमिका त्या लोकांना पत्रं लिहिते, ईमेल. माझी माणसं चांगली आहेत, त्यांना नियम माहीत नव्हते, असं काहीतरी. मला वाचून दाखवलं नाही, विचारलं म्हणून एवढं सांगितलं. उत्तर आलं यंत्राचं. धन्यवाद म्हटलंय.

त्या बाबालापण वेगळं पत्र पाठवलंय. तो गप्प. शमिका म्हणते, त्याचा दोष नाही, त्याला दुसरी कामं असतील. ती कुणाला दोष देतच नाही. मी आपली त्याला दोन शिव्या देते, मनात.

नवीन खातं उघड म्हटलं तर म्हणाली, उघडलं, परत तीच तक्रार घातली. दुपारी त्यांनी ती पुसली. 'हीच पुन्हा' असं लिहिलं आणि पहिल्या पानाचा पत्ता दिला. कुलपाच्या.

१८ मार्च

पोर सरांकडे जाऊन आली. चप्पल काढली आणि दारातच बसली. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझं बरोबर आहे."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"त्यांनी हाताने सोडवून बघितलं. चार पानं. म्हणाले, तुझं बरोबर आहे, पण माझ्या म्हणण्याला ते लोक काय विचारतात? त्यांनी पण ते पान उघडलं होतं. विचारलं, हे आंबेवाले कोण?"

बाळाच्या आंब्यांचा खरंच खप व्हायचा म्हणजे! सरांनी दोन पेट्या तरी घ्यायला हव्या होत्या.

"मग मासिकाला कळवणार ना?"

"कळवलं, आजी. सकाळीच. लेख मागे घेतला."

मागे घेतला म्हणजे हातात आला. आपली वस्तू आपल्या घरात. मी तिला सोलकढी दिली. तिने भांडं तोंडाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं.

१९ मार्च, पाडवा

गुढी शमिकाने उभारली. मला स्टुलावर चढू देत नाही. कडुलिंबाचा पाला खाताना तोंड वाकडं नाही केलं. लहानपणी पळून जायची, गोठ्यात लपायची. मोठी झाली.

पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली. तिने फोनवर विनोदला सांगितलं. विनोद म्हणाला, "होतं ते बऱ्यासाठी." मग ग्रुपवर गुढीचा फोटो आला, त्याला त्याने अंगठा दाखवला.

६ एप्रिल

आनंदाची बातमी! शमिकाला नोकरी लागली. बर्फाच्या फॅक्टरीत, ऑफिसात. ज्यांची ही डायरी, तेच. कुसुमताईंनी शब्द टाकला. लाद्या किती गेल्या, कुठल्या होडीला गेल्या, ते सगळं कॉम्प्युटरात घालायचं. मी म्हटलं, "तुझ्या शिक्षणाचा उपयोग झाला." ती म्हणाली, "होय आजी, बेरीज लागते."

म्हणजे मी इथेच राहिले, ती इथेच राहिली. देवाला दुसरा नारळ द्यायला पाहिजे. मी मागितलं होतं एक आणि मिळालं दुसरं, पण दुसरंसुद्धा माझ्या मनातलंच होतं, हे त्याला बरोबर कळलं. डायरीत वाचलं असणार मेल्याने.

२० एप्रिल

त्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली. शमिकाने लॅपटॉपात घेतली. मी म्हटलं, "घाल बघू ती कमान." तिला नव्हती घालायची. मी हट्ट केला. तिने घातली. एक क्षण काही नाही, मग आलं.

"काय म्हणतो?"

"शून्य."

"परत घाल."

"परत शून्यच येणार गो."

तरी तिने घातली. माझ्यासाठी.

मी म्हटलं, "माझं काही चुकलं नाही ना गो? माणसं बोलावली ती?"

तिने माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. केसांना बर्फाच्या फॅक्टरीचा वास येतो तिच्या, मासळीचा आणि मिठाचा. म्हणाली, "तू कुठे चुकतेस. माझ्यामागे एवढी माणसं कधी उभी राहिली होती?"

मग तिने ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. फॅक्टरीच्या कामाला जागा लागते म्हणे.

३ मे, रविवार

आज सहज डायरीचं पहिलं पान काढून वाचलं. काय लिहिलंय बघा: नात खिडकीत, मांडीवर लॅपटॉप, बाजूला चहा गार होतोय, खालून बर्फाची गाडी पाणी गाळत चाललीय, मी कुळीथ निवडतेय.

मान वर केली. नात खिडकीत, मांडीवर लॅपटॉप, बाजूला चहा गार होतोय. खालून बर्फाची गाडी गेली, पाणी गाळत. माझ्या सुपात कुळीथ.

मी तिला वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ गो, पहिल्या पानापासून आजच्यापर्यंत. तेव्हा होतं तसंच सगळं आहे. मधे काही झालंच नाही!"

शमिका स्क्रीनवरच बघत होती. लाद्यांचे आकडे होते. एक आकडा घालून म्हणाली, "होय आजी. शून्य."

मी म्हटलं, "व्हय महाराजा!" आणि चहा परत गरम करायला उठले.